शिओमी बाईंचा खाडा

ओकिनोसेत मिसाओ शिओमी बाईंना न ओळखणारा माणूस भेटला, तर तो बाहेरगावचा समजावा. बंदरावरच्या निम्म्या कोळ्यांना बाईंनी गणित शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना गणित का येत नाही ते त्यांच्या आयांना घरी जाऊन सांगितलं होतं. बुटक्या, काटक, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांना हसताना कुणीच पाहिलं नव्हतं असं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते तारखेसकट सांगायचे.

गावच्या माध्यमिक शाळेत बाईंनी एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत एकही खाडा केला नाही. एकही म्हणजे एकही नाही. ताप असला तर तोंडाला मास्क बांधून फळ्यापुढे उभ्या. एका सप्टेंबरात वादळानं घरांवरची कौलं उडत होती, शाळेत सात मुलं कशीबशी पोचली, तर बाई आधीच येऊन बसलेल्या, डोक्यावर उशी बांधून. त्यांची आई गेली तीसुद्धा ऑगस्टच्या सुट्टीत. "म्हातारी शेवटपर्यंत समजूतदार हो, लेकीचा तास बुडू दिला नाही," असं बंदरावर लोक बोलले. बोलणाऱ्यांना काय, जिभेला हाड नसतं. पण बाई हे ऐकून चिडल्या नाहीत, उलट त्यांना ते बरोबरच वाटलं असावं.

खाड्याचं हे वेड एकट्या बाईंचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं. शाळेच्या व्यायामशाळेत एक लांबलचक लाकडी पाटी होती. शाळेची तिन्ही वर्षं ज्या मुलानं एक दिवस चुकवला नाही, एकदा उशीर केला नाही, एकदा मधूनच घरी गेला नाही, त्याचं नाव त्या पाटीवर काळ्या शाईत चढायचं. गणितात पहिला आलेल्याला लोक चार दिवसांत विसरायचे. पाटीवरच्याला मात्र होडीवर घेताना मालक दुसरा प्रश्न विचारत नसे. लग्न जुळवताना मध्यस्थ बायका सांगायच्या, मुलाचं नाव पाटीवर आहे बरं का. एखाद्या वर्षी तीन-चार नावं चढत, एखाद्या वर्षी एकही नाही.

कुणाचं नाव चढेल आणि कुणाचं नाही, ते ठरायचं बाईंच्या हजेरीपटावर. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याच अक्षरात नियमांचा कागद डकवलेला होता. घरात कुणी वारलं तर दुखवट्याची रजा मिळे आणि ती खाड्यात धरत नसत. आईवडील गेले तर सात दिवस, आजी-आजोबा तीन, काका, मामा, आत्या, मावशी एक. त्याखाली रेघ. रेघेखाली काही नाही.

शोवा सम्राटाच्या छप्पन्नाव्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, शेवटच्या वर्गात तोमोए उनोकी नावाची मुलगी होती. आई ती तीन वर्षांची असतानाच घर सोडून गेलेली. बाप दक्षिणेच्या समुद्रात मासेमारीच्या मोठ्या जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मग पोरीला वाढवलं कुणी, तर शेजारच्या यासु आजीनं. आजी तिची कुणी लागत नव्हती. दोन घरांमध्ये एक भिंत होती, नातं काय ते तेवढंच. आजीचा नवरा आणि मुलगा दोघेही एकाच वादळात गेले होते आणि त्यानंतर ती पाठीवर टोपली घेऊन डोंगरातल्या गावांमध्ये मासे विकत हिंडली. स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. ती कसली सुटलीय, सोडवली होती लोकांनी, धाकटी भावंडं पाठीला बांधून.

म्हणूनच की काय, तोमोए माध्यमिक शाळेत गेली त्या दिवसापासून आजीनं ती पाटी मनावर घेतली. रोज सकाळी पोरगी फाटकातून आत गेली, की कोळ्यांच्या सहकारी संस्थेच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल. शाळेत काही कार्यक्रम असो, आजी हजर. सप्टेंबरच्या क्रीडादिनी सारं गाव चटया घेऊन मैदानावर उतरायचं, त्यात सर्वांत पुढची चटई आजीची. डब्यात भाताचे गोळे आणि कोंबडीचे तळलेले तुकडे इतके, की आजूबाजूची दहा पोरं जेवून जायची. म्हाताऱ्यांच्या चेंडूफेकीत ती उतरायची आणि टोपलीत एकही चेंडू न टाकता दमून खाली बसायची. नोव्हेंबरात वर्गावर्गांची गायनस्पर्धा व्हायची, तिथंही पहिल्या रांगेत. गाणं संपायच्या आतच टाळ्या वाजवायची आणि बाई मागे वळून डोळे वटारायच्या. बाईंना ती म्हातारी या टाळ्यांमुळेच माहीत होती. कुणाची कोण, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. कुणाची तरी आजी असेल, झालं.

त्या हिवाळ्यात आजीनं अंथरूण धरलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे, ती गेली. शाळेच्या निरोपसमारंभाला एक महिना उरला होता.

मंगळवारी तोमोए नेहमीसारखी वेळेवर शाळेत आली. पहिला तास संपल्यावर तिनं व्हरांड्यात बाईंना गाठलं आणि विचारलं, "बाई, शेजारच्या आजीसाठी दुखवट्याची रजा मिळते का?"

बाईंच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. "नात्यातली आहे?"

"नाही."

"मग नाही मिळत. खाडा धरला जाईल."

"बरं," तोमोए म्हणाली आणि वर्गात गेली.

विचारलं तेवढ्याचं उत्तर बाईंनी दिलं. नियमाप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होतं. कोण गेलं, तुझी कोण होती ती, घरी आता कोण आहे, यातलं एक अक्षरही त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं नाकासमोर बघून चालायची सवय. आजूबाजूला काय पडलंय ते दिसणार कसं?

गुरुवारी सकाळी दहाला देवळात अंत्यविधी होता. हे बाईंना कळलं ते शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फुसाएबाईंकडून. फुसाएबाई आजीच्याच गल्लीत राहायच्या. पातेली मांडता मांडता त्या म्हणाल्या, की आज यासु आजीला नेणार, आणि बघा ना बाई, नेमक्या आजच सगळ्या होड्या कॉड घेऊन परतणार. देवळातून लोक थेट धक्क्यावर पळतील, मासळी उतरवायला. दहनाच्या भट्टीपर्यंत जाणार कोण, तर संस्थेचा एक कारकून. मला इथं चारशे मुलांचं जेवण आहे. आणि जिला जायला हवं ती पोरगी तर वर्गात बसलीय. आपल्या हातानं घास भरवून वाढवलं हो तिला म्हातारीनं.

"कुठली पोरगी?" बाईंनी विचारलं.

फुसाएबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बाईंना उत्तराची गरज उरली नाही. मंगळवारचा व्हरांडा त्यांना आठवला.

तिसरा तास गणिताचा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून खाडीपलीकडचं टोक दिसायचं. त्या टोकावरच गावची भट्टी, तिचं धुराडं. बर्फ पडत होता. तोमोए खिडकीशेजारच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. दोन रात्री ती आजीच्या उशाशी जागी होती हे तिच्या डोळ्यांखाली स्पष्ट दिसत होतं. अकराच्या सुमाराला देवळाच्या बाजूनं मोटारीचा भोंगा वाजला, एकच, लांबलचक. शव निघालं की तसा वाजवतात. वर्गातल्या सगळ्यांनी तो ऐकला आणि एकानंही मान वर केली नाही. अडतीस मुलांना ठाऊक होतं, फक्त बाईंनाच इतके दिवस ठाऊक नव्हतं.

बाई बाकांमधून फिरत तोमोएच्या वहीपाशी आल्या. फळ्यावरचं गणित तिनं उतरवलं होतं. मग खाली तेच गणित पुन्हा उतरवलं होतं. त्याखाली पुन्हा तेच.

बाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या. "धावत गेलीस तर अजून गाठशील."

"नाही जाणार, बाई."

"मी हजेरीपटावर काही मांडणार नाही. कुणाला कळायचं नाही." असलं वाक्य आयुष्यात त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. बोलताना त्यांची जीभ अडखळली.

तोमोएनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मग ते खोटं होईल. आजीनं एकेक दिवस लाल पेन्सिलीनं मांडलाय. शेवटी शेवटी तिला बसता येत नव्हतं, तर मी कॅलेंडर तिच्या हाताशी धरायचे. ती म्हणाली होती, मी मेले तरी शाळा बुडवायची नाहीस. मी हो म्हटलंय तिला."

पोरगी जे बोलत होती ते सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं. दिलेला शब्द, खरा हजेरीपट, एकदा बुडालेला दिवस परत येत नाही. इतकं नीट आपलं ऐकणारं मूल निघावं आणि ते असं समोर उभं राहावं, याचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "जा, बस जागेवर," एवढंच त्या म्हणाल्या.

तास संपल्यावर बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या, कोट घातला, गळ्याला मफलर गुंडाळला आणि उपमुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. चौथ्या तासाला माझा वर्ग आहे, त्यांना वाचत बसू द्या. दुपारचे दोन तास कुणीतरी घ्या. मी रजेवर आहे, असं त्यांनी सांगितलं. उपमुख्याध्यापकांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, प्रकृतीला काही झालेलं नाही. आणि निघाल्या. शाळेच्या फाटकातून भर दुपारी बाई बाहेर पडताहेत हे पाहून समोरचा वाणी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला म्हणतात.

खाडीला वळसा घालून टोकापर्यंत अर्ध्या तासाची चढण. बर्फात बाईंना पाऊण तास लागला. भट्टीवर गेन्पेई होता. हा त्यांचाच जुना विद्यार्थी, शाळेत कमी आणि धक्क्यावर जास्त असलेला.

"बाई?" तो उठून उभाच राहिला. "मी शाळा चुकवली की तुम्ही मला शोधत यायच्या. आज कुणाला शोधताय?"

"आज मीच चुकवलीय," बाई म्हणाल्या. "यासु आजीचं किती राहिलंय?"

तासभर, असं गेन्पेईनं सांगितलं. बाकावर संस्थेचा कारकून तेवढा होता, घड्याळाकडे बघत. बाकी खोली रिकामी. बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दुपारी एकच्या सुमाराला गेन्पेईनं पत्र्याचा ट्रे बाहेर ओढला. दोघांनी मिळून एकेक हाड उचलून अस्थींच्या भांड्यात ठेवायचं, दोघांच्या हाती काड्या, आणि पायांकडून सुरुवात करून वर डोक्याकडे यायचं. घरचं कुणी असतं तर घरच्यांनी केलं असतं. ते बाई आणि कारकून यांनी केलं. आजीच्या कंबरेची हाडं ठिसूळ झाली होती, उचलताना भुगा होत होता. टोपल्यांनी केलं ते, गेन्पेई म्हणाला, चाळीस वर्षांच्या ओझ्यानं. बाई भुगासुद्धा वेचत होत्या. एकही कण सुटू नये म्हणून त्या वाकून वाकून बघत होत्या.

गळ्याचं हाड सर्वांत शेवटी घेतात, आणि ते अगदी जवळच्या माणसानं घ्यायचं असतं. तिथं आल्यावर बाईंनी काड्या खाली ठेवल्या. हे राहू दे, म्हणाल्या. शाळा साडेतीनला सुटते. कारकून चुळबुळला, त्याला भांडं देवळात पोचवून पावती करायची होती. बाईंनी वर्गात बघतात तसं त्याच्याकडे बघितलं. तो गेला. मग त्यांनी गेन्पेईकडे पाहिलं. गेन्पेई म्हणाला, आज दुसरं कुणी यायचं नाही, बसा निवांत. आणि शेगडीत कोळसे घातले.

बाई तीन तास तिथं बसून होत्या. मांडीवर पांढऱ्या कापडात ते भांडं, अजून कोमट.

पुढे काय झालं तेही इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज बाईंपुढे सरकवला. वयानं ते बाईंपेक्षा लहान, मनानं चांगले. म्हणाले, लांबची मावशी लिहा, दुखवट्याची रजा होईल, तुमची एकतीस वर्षं शाबूत राहतील, निवृत्तीच्या वेळी प्रांताकडून सन्मान आहे तो का घालवता? बाईंनी नात्याच्या रकान्यात "काही नाही" असं लिहिलं आणि सही केली. सन्मान गेला. आणि मार्चमध्ये निरोपसमारंभाला पूर्ण हजेरीचं एकच नाव पुकारलं गेलं, उनोकी तोमोए. ती उठली, "हजर" म्हणाली, आणि तिचं नाव पाटीवर चढलं. त्यात खोटा एकही दिवस नव्हता.

पण त्या गुरुवारी यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. चार वाजून गेले. बाहेरून धापा टाकल्याचा आवाज आला आणि तोमोए दारात उभी राहिली. शेवटची घंटा झाली, झाडलोट झाली, मग ती सुटली होती आणि खाडीचा वळसा पळत घालून आली होती. बूट भिजून चिंब. आत कोण आहे हे तिनं बघितलंच नाही. रिकामा ट्रे तेवढा तिला दिसला, आणि त्यात उरलेलं ते एवढंसं हाड.

"आजी एकटीच होती का?" तिनं गेन्पेईला विचारलं. तीन दिवस पोरीनं कुणाजवळ मन उघडं केलं नव्हतं. जो प्रश्न तिला आतून कुरतडत होता तो एवढाच होता.

बाई बाकावरून उठल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी होते. दुपारपासून तिच्याजवळच आहे."

तोमोए त्यांच्याकडे वळली. "तुमचे तास होते ना, बाई."

"होते. मी गेले नाही."

तेव्हा कुठं पोरीला रडू फुटलं. ती होती तिथंच, ओल्या फरशीवर बसली आणि लहान मूल रडतं तशी मोठ्यानं रडली. तिला जवळ कसं घ्यायचं ते बाईंना माहीत नव्हतं. मुलांना जवळ घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. त्या खाली तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या, भांडं दोघींच्या मध्ये ठेवलं आणि तिचं रडून होईपर्यंत थांबल्या. बाईंनी स्वतःचे डोळे पुसले की नाही ते गेन्पेईनं आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

मग त्यांनी तिच्या हातात काड्या दिल्या. दोघींनी दोन बाजूंनी ते हाड धरलं.

"हळू," बाई म्हणाल्या. "घाई नाही आपल्याला."

हाड अखंड राहिलं. गेन्पेईनं भांड्याचं झाकण लावलं, कापडाची गाठ मारली आणि ते तोमोएच्या हातांत दिलं. तिनं ते छातीशी धरलं. बाहेर बर्फ सुरूच होता. बाईंनी छत्री उघडून तिच्यावर धरली, आणि दोघी उतारानं देवळाकडे चालू लागल्या.